कुंपणातल्या कोंबड्या, कुंपणापलीकडच्या माश्या

घराभोवतीच्या चार-पाच गुंठ्यांत काही पिकवायचे ठरले, की भाजीच्या वाफ्यांपाठोपाठ दोन जिवांचा विचार हटकून होतो: कोंबड्या आणि मधमाश्या. दोघींना जागा थोडी पुरते, भांडवल बेताचे लागते आणि दोघींचे उत्पन्न थेट स्वयंपाकघरात येते. साम्य एवढेच. कोंबडी कुंपणाच्या आत राहते. तिचे खाणे, पाणी, निवारा पाळणाऱ्याच्या हाती असतो आणि तिची बहुतेक दुखणीही त्याच्याच व्यवस्थेतून उद्भवतात. आपल्याकडची सातेरी माशी पेटीपासून किलोमीटर-दीड किलोमीटरपर्यंत चरायला जाते. एक किलोमीटर त्रिज्येचे वर्तुळ म्हणजे जवळजवळ पावणेआठशे एकर. चार गुंठ्यांच्या मालकाला या पावणेआठशे एकरांवर काय लावले जाते, काय तोडले जाते आणि काय फवारले जाते, यात काडीचा अधिकार नसतो. कोंबड्यांत आलेले नुकसान बहुधा सुधारता येते. माश्यांत आलेले पुष्कळदा नुसते सोसावे लागते. दोन्ही एकदम सुरू करणाऱ्याने हा भेद आधी लक्षात घेतलेला बरा.

टिटवाळ्याच्या परिसरात तो ठळकपणे दिसतो. कल्याण ते वाशिंद लोहमार्ग १ ऑक्टोबर १८५५ रोजी सुरू झाला आणि तेव्हापासून हा पट्टा मुंबईला बांधला गेला. महागणपतीच्या मंदिरामुळे गाव सर्वदूर माहीत आहे. मांडा-टिटवाळा आज कल्याण-डोंबिवली महापालिकेत मोडतो आणि स्टेशनाभोवती इमारतींची दाटी वाढत चालली आहे. तरी काळू नदीच्या दिशेने थोडे गेले, की भातखाचरे, बांधावरचे आंबे आणि माळावरचे पळस सुरू होतात. गुरवली, फळेगाव, रुंदे, खडवली या बाजूच्या आगरी-कुणबी घरांत आणि कातकरी-ठाकूर पाड्यांवर परसातली कोंबडी पिढ्यान्‌पिढ्यांची आहे. त्यांच्या शेजारी आता मुंबई-ठाण्याहून शनिवार-रविवारी येणाऱ्यांचे कुंपण घातलेले तुकडे आहेत. दोघांनाही हवामान एकच: जून ते सप्टेंबर अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस आणि एप्रिल-मेमध्ये चाळिशीला टेकणारा पारा. कोंबड्या असोत की माश्या, इथे खरी परीक्षा पावसाळ्याचे चार महिने घेतात.

कोंबड्यांची सुरुवात जात निवडण्यापासून होते आणि पहिली चूकही बहुधा तिथेच घडते. निव्वळ गावठी कोंबडी वर्षाला ५० ते ८० अंडी देते. ती काटक असते, स्वतःचे खाणे स्वतः शोधते, घार दिसताच पिल्लांना पंखाखाली घेते. पण रोज नाश्त्याला अंडे हवे असणाऱ्या घराचे तिच्यावर भागत नाही. म्हणून परसासाठी मुद्दाम तयार केलेल्या सुधारित जाती आल्या. बंगळूरच्या कृषी विद्यापीठाने गिरिराज दिली, हैदराबादच्या केंद्रीय कुक्कुट संशोधन प्रकल्पाने वनराज आणि ग्रामप्रिया. वनराज आणि गिरिराज मांस व अंडी दोन्हींसाठी, तर ग्रामप्रिया प्रामुख्याने अंड्यांसाठी. तिच्याकडून परसात दीडशेच्या पुढे अंड्यांची अपेक्षा धरता येते. या पट्ट्यातल्या लोकांना पिल्लांसाठी फार लांब जावे लागत नाही. मुंबईत आरे येथे केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे आणि पुण्यात खडकीला राज्याचे अंडी उबवणी केंद्र.

खाद्याचा हिशेब मांडला की जातीचा प्रश्न बराचसा सुटतो. बांधून ठेवलेली, अंड्यावरची कोंबडी दिवसाला सुमारे १०० ग्रॅम खाद्य खाते, म्हणजे वर्षाला साडेछत्तीस किलो. तिने दीडशे अंडी दिली तर एका अंड्यामागे पाव किलोच्या आत खाद्य लागले. त्याच पद्धतीने बांधून ठेवलेल्या गावठी कोंबडीने साठ अंडी दिली, तर प्रत्येक अंड्यामागे सहाशे ग्रॅम गेले. तेव्हा गावठी कोंबडी परवडते ती मोकळी सोडली तरच: खळ्यावरचे सांडलेले भात, शेणातले किडे, घरातली कणी आणि उरलेसुरले अन्न हे तिचे फुकटचे खाणे. खेड्यातल्या आजीच्या कोंबड्या फायद्यात का असतात आणि जाळीच्या पिंजऱ्यात, विकतच्या पोत्यावर पोसलेली तीच गावठी कोंबडी तोट्यात का जाते, याचे उत्तर या गणितात आहे.

कडकनाथचा मोह याच जागी आडवा येतो. मध्य प्रदेशातल्या झाबुआ भागातली ही काळ्या मांसाची जात. तिला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि गावोगावी तिच्या औषधी गुणांच्या कथा पसरल्या. पुढच्याच वर्षी सांगली जिल्ह्यात कडकनाथच्या नावाखालचा गुंतवणुकीचा घोटाळा उघडकीस आला. पिल्ले चढ्या भावाने द्यायची, अंडी आणि पक्षी परत विकत घेण्याची हमी द्यायची आणि काही काळाने हात वर करायचे, असा तो व्यवहार होता. पक्ष्याचा त्यात काही दोष नाही. कडकनाथ चांगला तग धरणारा पक्षी आहे, मात्र अंडी कमीच देतो आणि ती काळी नसतात, फिकट बदामी असतात. ज्याला बाजार माहीत नाही त्याने कुणाच्या परत-खरेदीच्या भरवशावर पक्षी वाढवू नयेत, मग तो कोंबडा असो की काही वर्षांपूर्वीचा इमू.

एक दिवसाचे पिल्लू घरी आणले तर पहिले तीन-चार आठवडे ऊब हीच मुख्य गोष्ट. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीपाशी ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते, पुढे दर आठवड्याला ते दोन-तीन अंशांनी उतरवत न्यायचे. तापमापक नसला तरी पिल्ले स्वतःच सांगतात. बल्बखाली एकमेकांवर चढून दाटी केली तर थंडी वाजते आहे, कडेला पांगून चोच उघडी ठेवून बसली तर उकडते आहे, सगळीकडे सारखी विखुरली असतील तर ठीक. जुलैच्या रात्री वीज जाणे हे टिटवाळ्यात धरूनच चालायचे. बल्बच्या जोडीला शेगडी तयार ठेवण्याची पद्धत त्यातूनच आली. मात्र बंद खोलीतल्या कोळशाचा वायू पिल्लांना आणि माणसांनाही मारतो, त्यामुळे हवेला वाट असलीच पाहिजे. नव्या माणसाने शक्यतो ऑक्टोबरनंतर, कोरड्या हवेत पिल्ले आणावीत. ही साधी खबरदारी निम्मी मरतूक टाळते असे म्हटले तर अतिशयोक्ती फारशी नाही.

बल्ब, शेगडी, रात्रीची जागरणे या सगळ्याला गावठी कोंबडीकडे जुना तोड आहे. तिने घालायची अंडी घातली की ती खुडूक होते: पोटाखालची पिसे झडतात, ती जागची हलत नाही, जवळ गेले की पिसे फुलवून गुरगुरते. अशा वेळी तिच्याखाली दहा-बारा फलित अंडी ठेवली तर एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर येतात. ऊब, ओलावा, अंडी उलटणे आणि नंतरचे संगोपन सगळे तीच करते. सुधारित जातींमधून खुडूक होण्याची वृत्ती निवडीने जवळजवळ काढून टाकलेली आहे, कारण खुडूक कोंबडी अंडी द्यायची थांबते. म्हणून जाणते लोक दहा ग्रामप्रियांच्या जोडीला दोन गावठी कोंबड्या ठेवतात. अंडी एकीची, उबवण दुसरीची. पिल्ले नको असताना कोंबडी खुडूक झालीच, तर तिला घरट्यावरून उचलून खालून हवा खेळेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात चार-पाच दिवस ठेवतात. पोटाला गारवा लागला की शरीरातली खुडूकपणाची द्रव्ये ओसरतात. पाण्यात बुचकळण्याचा गावठी उपाय याच तत्त्वावर चालतो, पण तो कोंबडीला जाचक आहे.

खुराड्याच्या बांधणीत इथला पाऊस विसरून चालत नाही. जमिनीवर टेकवलेले, इंटरनेटवरच्या चित्राबरहुकूम केलेले देखणे खुराडे पहिल्याच जुलैत खालून कुजते. जमिनीपासून दोन-अडीच फूट उंच खांबांवर, लांबी पूर्व-पश्चिम, छपराच्या वळचणी तीन फूट पुढे काढलेल्या, असे असले तर पावसाची झड आत येत नाही आणि मेमधले ऊनही थेट पडत नाही. आत एका कोंबडीला दोन चौरस फूट जागा आणि रात्री बसायला आडवी दांडी. खाली भाताच्या तुसाची चार-सहा इंचांची गादी. तूस इथे भातगिरणीवर सहज मिळते. ही गादी कोरडी ठेवणे हेच पावसाळ्यातले मुख्य काम. ती ओली झाली की विष्ठेतून अमोनिया सुटतो, पक्ष्यांचे डोळे झोंबतात आणि ओलाव्यात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. गादी दोन दिवसांआड खाली-वर करावी, पाण्याच्या भांड्याभोवतीचे ओले तूस लगेच काढावे, विझवलेला चुना भुरभुरावा. खाद्याचे पोते भिंतीला टेकवू नये. दमट मक्यावर आणि शेंगदाण्याच्या पेंडीवर येणारी बुरशी अफ्लाटॉक्सिन नावाचे विष तयार करते आणि ते यकृतावर घाला घालते. अंडी अचानक कमी झाली की लोक औषध शोधत फिरतात. खरे कारण पुष्कळदा त्या पोत्याच्या तळाशी असते.

रोगांमध्ये मानमोडीइतका भयंकर दुसरा नाही. शास्त्रीय पुस्तकांत तो राणीखेत म्हणून येतो, कारण १९२०च्या दशकात त्याची भारतातली पहिली नोंद कुमाऊंमधल्या त्या गावी झाली. मान वाकडी होणे, हिरवट हगवण, धाप आणि दोन-चार दिवसांत अख्खे खुराडे रिकामे. यावर औषध नाही, लस आहे: पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, पुन्हा काही आठवड्यांनी मात्रा, आणि आठव्या आठवड्याच्या सुमारास टोचायची लस. देवीची लस पंखाच्या पातळ पडद्यात देतात. लहान पाळणाऱ्याची अडचण वेगळीच असते. लसीची कुपी शंभर किंवा त्याहून अधिक पक्ष्यांची असते, एकदा कालवल्यावर ती दोन तासांच्या आत संपवावी लागते आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. बारा कोंबड्यांसाठी शंभरांची कुपी फोडणे जिवावर येते, म्हणून लस राहून जाते आणि मग सगळेच जाते. पाड्यातल्या सात-आठ घरांनी एकच दिवस ठरवून लस आणली तर हा प्रश्न उरत नाही. नुसत्या एकट्याने दिलेली लस तशीही अपुरीच, कारण शेजारच्या मोकळ्या कोंबड्या कुंपण मानत नाहीत.

बर्ड फ्लूच्या बाबतीत तर कुंपणाला काहीच अर्थ राहत नाही. भारतात या रोगाचा पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. टिटवाळ्याच्या दृष्टीने जवळचा प्रसंग फेब्रुवारी २०२२ चा. शेजारच्या शहापूर तालुक्यात वेहळोली येथे एका कुक्कुटपालन केंद्रात सुमारे शंभर पक्षी दगावले, तपासणीत एच५एन१ विषाणू आढळला आणि एक किलोमीटरच्या परिघातले सुमारे पंचवीस हजार पक्षी नष्ट करण्याचे ठरले. अशा परिघात परसातल्या पाच निरोगी कोंबड्याही येतात. सरकार ठरावीक दराने भरपाई देते, पण नावाने हाक मारल्यावर येणाऱ्या कोंबडीचा दर त्यात नसतो. उद्रेकाच्या काळात पक्षी बंद ठेवणे, रानपक्ष्यांशी पाणवठा सामायिक न ठेवणे आणि मेलेला पक्षी हाताने न उचलता पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवणे, एवढेच हाती असते. नीट शिजवलेल्या अंड्यामांसातून हा विषाणू पसरत नाही. तरी अफवेने भाव पडतातच.

चोरांची यादी मोठी आहे आणि ती जागेप्रमाणे बदलते. वस्तीत भटकी कुत्री आणि बोके, ओढ्याकाठी मुंगूस, आकाशातून घार आणि शिक्रा, अंड्यांवर धामण, नाग आणि घोरपड. बाजारात मिळणारी षट्‌कोनी कोंबडी-जाळी कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. त्यासाठी अर्ध्या इंचाच्या चौकोनाची जाड वेल्डेड जाळी लागते, आणि तीही जमिनीत फूटभर गाडून बाहेरच्या बाजूला वळवलेली. मुंगूस, घोरपड, अजगर हे वन्यजीव कायद्याने संरक्षित आहेत. सापळा लावून मारणे गुन्हा ठरतो. सांजवेळी कोंबड्या मोजून दार लावणे यापेक्षा चांगला उपाय अजून निघालेला नाही, आणि शनिवार-रविवारच्या शेतकऱ्याला नेमके तेच जमत नाही. ज्याला रोज संध्याकाळी तिथे कुणी नाही त्याने कोंबड्या पाळू नयेत.

माश्यांना संध्याकाळचे दार लावावे लागत नाही, रोजचे दाणापाणी नाही. हेच आकर्षण शहरातून येणाऱ्याला पेटीकडे ओढते. पण आधी माशी ओळखावी लागते. महाराष्ट्रात मध देणाऱ्या माश्या मुख्यतः चार. आग्या मोठी, रागीट, उघड्यावर एकच पोळे बांधणारी आणि ऋतूप्रमाणे स्थलांतर करणारी. कल्याण-टिटवाळ्याच्या उंच इमारतींच्या सज्जांखाली आणि पाण्याच्या टाक्यांखाली दिसणारी काळी लोंबती पोळी तिची, आणि ती पेटीत राहत नाही. फुलोरी चिमुकली, झुडपाच्या फांदीला तळहाताएवढे पोळे करणारी. तीही पाळता येत नाही. डंख नसलेली इवलीशी पोयाची माशी भिंतीच्या फटीत राहते आणि जेमतेम मध देते. उरते ती सातेरी: झाडाची ढोली, वारूळ, जुन्या भिंतीतले पोकळ भोक अशा अंधाऱ्या जागी समांतर पोळी बांधणारी. पेटीत रमणारी आपली देशी माशी हीच. पाचवी, युरोपीय मेलिफेरा, १९६०च्या दशकात उत्तर भारतात यशस्वीपणे रुजवली गेली. ती मध भरपूर देते, पण त्यासाठी पेट्या ट्रकमध्ये घालून मोहरीपासून सूर्यफुलापर्यंत फुलांमागे फिरवाव्या लागतात. चार गुंठ्यांत बसून राहणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

पेटीचे तत्त्व साधे आहे. १८५१ मध्ये अमेरिकेत लँगस्ट्रॉथच्या ध्यानात आले, की पोळ्यांमध्ये ठरावीक अंतराची वाट मोकळी ठेवली तर माश्या ती मेणाने बुजवत नाहीत. मग पोळे लाकडी चौकटीत बांधून घ्यावे आणि न मोडता बाहेर काढावे, हे शक्य झाले. सातेरीचे अंग लहान, तेव्हा तिची पेटीही लहान. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण भारतात फादर न्यूटन यांनी तशी पेटी रुळवली. पेटीत खाली पिल्लांची कोठी आणि वर मधाची कोठी असते. वरच्या कोठीतलाच मध काढायचा, खालच्याला हात लावायचा नाही, हा नियम. महाराष्ट्रात या विद्येचे माहेर महाबळेश्वर. राज्य खादी व ग्रामोद्योग मंडळाचे मधसंचालनालय तिथे आहे आणि त्याच तालुक्यातले मांघर २०२२ मध्ये देशातले पहिले ‘मधाचे गाव’ म्हणून जाहीर झाले. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. या दोन ठिकाणचे प्रशिक्षण घेतल्याशिवाय पेटी विकत घेणे म्हणजे पैसे आणि माश्या दोन्ही घालवणे. वसाहत विकतही मिळते आणि ढोलीतून पकडताही येते. कातकरी-ठाकूर मंडळींची नजर या कामात अचूक असते. माश्या कोणत्या दिशेने सरळ रेषेत परततात हे पाहत ते नेमक्या झाडापाशी जातात. पोळे कापून चौकटीला बांधायचे, राणी पेटीत गेली याची खात्री करायची, की संध्याकाळपर्यंत कामकरी माश्या आपोआप मागे येतात.

टिटवाळ्यातला माशीचा सुगीचा काळ थंडीपासून उन्हाळ्यापर्यंत. डिसेंबर-जानेवारीत आंब्याचा मोहर आणि भातानंतरच्या ओलीवर घेतलेला वाल, मग काटेसावर, पळस, शेवगा. मार्च-एप्रिलमध्ये जांभूळ, करंज. पावसाच्या तोंडावर चिंच आणि ऐन. वसाहत जोमात आली की हिवाळा सरता सरता ती फुटते. जुनी राणी निम्म्या माश्यांना घेऊन बाहेर पडते आणि फांदीला घोस लागतो. नवख्याला हा हल्ला वाटतो. खरे तर घोसातल्या माश्या मधाने पोट भरून निघालेल्या, घर नसलेल्या आणि म्हणून अतिशय शांत असतात. रिकामी पेटी तयार असेल तर एकाच्या दोन वसाहती होतात. मधमाशीपालनातला सर्वांत निखळ आनंद मध काढण्यापेक्षा या घोस झेलण्यात आहे, असे जुने मधपाळ मानतात, आणि ते पटण्यासारखे आहे.

पावसाळ्यात चित्र पालटते. कोकणपट्टीत जून ते सप्टेंबर हा माश्यांचा दुष्काळ. तेरडा, काकडी-दोडक्याची फुले, मका असे काही फुललेले असते, पण सलग पावसात माशी बाहेरच पडू शकत नाही. साठवलेला मध संपतो, राणी अंडी घालायची थांबते, माश्या कमी होतात आणि उघडी पडलेली पोळी मेणपतंगाच्या अळ्या पोखरतात. मे महिन्यात लोभाने सगळा मध काढून घेतलेली पेटी ऑगस्टपर्यंत टिकत नाही. या काळात साखरेचा पाक, साखर आणि पाणी समभाग, संध्याकाळी पेटीच्या आत द्यायचा. दिवसा किंवा बाहेर दिला तर दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी काढून घ्यायची, तळपाट आठवड्याला झाडायचा, पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या म्हणजे मुंग्या चढत नाहीत. एवढे करूनही सातेरी कधी कधी घर सोडते. उपासमार, मुंग्या, मेणपतंग, वारंवार पेटी उघडणे, यांपैकी काहीही पुरते आणि एका सकाळी पेटी रिकामी दिसते. मेलिफेराच्या तुलनेत सातेरीत ही खोड फार. तिच्याकडे काटकपणाचे गुण मात्र भरपूर आहेत: वरोआ नावाचा कोळी ती अंगावरून काढून टाकते आणि मोठ्या गांधीलमाशीवर शेकडो माश्या मिळून तुटून पडतात, तिला घेरून अंगाच्या उष्णतेने, सुमारे ४६ अंशांपर्यंत तापवून मारतात. वेडा राघू आणि कोतवाल पेटीसमोरच्या तारेवर बसून माश्या टिपतात, मधुबाज पोळी फोडतो. यांच्यामुळे सहसा वसाहत बुडत नाही. एकच रोग सातेरीला नेस्तनाबूत करू शकतो: पिल्लांना पिशवीसारखे करून मारणारा थाई सॅकब्रूड विषाणू. १९९०च्या दशकारंभी दक्षिण भारतातल्या सातेरीच्या बहुसंख्य वसाहती त्याने संपवल्या. त्यावरही औषध नाही. वाचलेल्या वसाहतींपासून पुन्हा वाढवणे हाच मार्ग ठरला.

माणसाने आणलेले संकट फवारणीचे. ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाड-शहापूर पट्ट्यात निर्यातीची भेंडी पिकते, नदीकाठी काकडी, कारली, दुधी होतात. काकडी, कारली, दुधीला फळ धरायला माशीच लागते आणि याच पिकांवर किडीसाठी कीटकनाशके मारली जातात. सकाळी फुले उमललेली असताना फवारणी झाली की चरायला गेलेल्या माश्या परततच नाहीत, किंवा पेटीच्या दारात मेलेल्यांचा सडा पडतो. उपाय कागदावर सोपा आहे: फवारणी सूर्यास्तानंतर करावी. प्रत्यक्षात पावणेआठशे एकरांतल्या प्रत्येक शेतकऱ्याला ते सांगावे लागते. जे मधपाळ शेजाऱ्यांच्या वेलींवर वाढलेली फळे त्यांना दाखवू शकले, त्यांचे ऐकले गेले. बाकीच्यांनी फवारणीच्या आदल्या रात्री पेटीचे दार जाळीने बंद करायचे एवढेच ठेवले.

डंख हा घाबरण्याचा विषय नाही, पण हलक्यात घेण्याचाही नाही. काटा नखाने खरवडून लगेच काढावा, चिमटीत धरून पिळू नये, कारण विषाची पिशवी काट्यालाच चिकटलेली असते. बहुतेकांना सूज आणि खाज एवढेच होते. ज्याला श्वास लागतो, अंगभर पित्त उठते किंवा भोवळ येते त्याला वेळ न दवडता रुग्णालयात न्यावे लागते आणि अशा घरात पेटी नसावी. पेटीचे दार रस्त्याकडे किंवा शेजारच्या अंगणाकडे असू नये. समोर सहा फुटांची कुडाची भिंत किंवा दाट जास्वंद असली की माश्या उंचावरून उडतात आणि शेजाऱ्यांना त्यांची गाठ पडत नाही. आरवणारा कोंबडा हा शेजाऱ्यांच्या तक्रारीचा दुसरा मोठा विषय. त्यावर तोडगा सोपा आहे. अंडी द्यायला कोंबडीला कोंबडा लागत नाही; तो लागतो फक्त पिल्लांसाठी.

एकाच तुकड्यावर दोन्ही पाळल्याचे काही खरे फायदे आहेत. पेटी साफ करताना निघालेल्या मेणपतंगाच्या अळ्या आणि दारात पडलेले नर कोंबड्या आवडीने टिपतात. मात्र पेटीखालची जमीन त्या पायांनी उकरतात आणि स्टँड हलतो, तेव्हा तो पक्का रोवलेला हवा. दोघींचे पाणी वेगळे ठेवावे. माश्यांच्या भांड्यात खडे घातले तर त्या बुडत नाहीत. कोंबडखत नत्राने समृद्ध असते, पण ताजे घातले तर रोपे करपतात. तुसासकट काही महिने कुजवूनच ते वाफ्यात जावे. वाफ्यातली दुधी-काकडी माश्यांमुळे भरते, तिची पाने आणि सालपटे कोंबड्यांना जातात. परसातल्या या चक्राचे वर्णन पुस्तकांत पुष्कळदा गोडगोड केलेले आढळते. प्रत्यक्षात दहा कोंबड्यांचे खत चार-पाच वाफ्यांना पुरते, त्यापलीकडे नाही.

विक्रीत दोन्ही मालांना ग्राहकाच्या समजुती आडव्या येतात. तपकिरी कवचाचे अंडे म्हणजे गावठी आणि पौष्टिक, हा समज पक्का आहे. कवचाचा रंग जातीने ठरतो आणि बलकाचा गडदपणा हिरवा पाला खाण्याने. आषाढी अमावास्येच्या आधीच्या आठवड्यात गावठी कोंबड्याला कुठलाही भाव येतो आणि श्रावण लागताच अंड्यालासुद्धा गिऱ्हाईक राहत नाही. तलंगांचे वेळापत्रक आखताना हे धरावे लागते: मार्चमध्ये आणलेले पिल्लू नेमके श्रावणाच्या सुमारास अंड्यावर येते. मधाचे दुखणे वेगळे. थंडीत मध गोठला की साखर घातल्याचा संशय घेतला जातो, जरी गोठणे हा ग्लुकोजचा स्वाभाविक धर्म असला. कोमट पाण्यात बरणी ठेवली की तो पुन्हा पातळ होतो. आंबलेला मध मात्र खरोखरच चुकीने काढलेला असतो. मधातला ओलावा २० टक्क्यांच्या वर नसावा असा अन्न मानकांचा नियम आहे आणि कोकणच्या दमट हवेत तो पाळणे कठीण. म्हणून माश्यांनी मेणाने झाकलेल्या चौकटीच काढायच्या, उघड्या कप्प्यांच्या परत ठेवायच्या. सातेरीच्या एका पेटीतून चांगल्या वर्षी पाच ते दहा किलो मध निघतो, वाईट वर्षी काहीच नाही. घरी आलेल्या पहिल्या बरणीतून तान्ह्या बाळाला मधाचे बोट चाटवण्याची रीत अजून अनेक घरांत आहे, पण वर्षाखालील मुलाला मध देऊ नये. त्यात असू शकणाऱ्या बोटुलिझमच्या बीजाणूंना त्याचे आतडे तोंड देऊ शकत नाही.

सह्याद्रीच्या मधांत कारवीचा मध सर्वांत दाट आणि गडद. त्याची घडण इतकी निराळी, की अन्न मानकांत त्याच्या साखरेच्या प्रमाणासाठी स्वतंत्र सवलत दिलेली आहे. कारवी आठ वर्षांनी एकदा फुलते. मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानात ती २०१६ आणि २०२४ मध्ये फुलली, त्यामुळे तिथला पुढचा बहर २०३२ मध्ये यायला हवा. टिटवाळ्याच्या सपाटीवर बसलेल्या पेटीला तो मध मिळत नाही. त्यासाठी पावसाळा सरताना पेटी रात्री दार बंद करून माळशेज किंवा माथेरानच्या बाजूच्या उतारांवर न्यावी लागते, वन विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि बहर ओसरला की परत आणावी लागते.